गाण्याचा सिनेमा की कुस्तीचा? 'कट्यार' आणि 'द डिसायपल' एकाच आठवड्यात

मध्यमा_पूर्ण

रविवारी दुपारी टीव्हीवर 'कट्यार काळजात घुसली' लागला. आईची ही निदान पाचवी खेप, माझी तिसरी. जेवणं उरकली, खरकटी तशीच राहिली आणि 'सूर निरागस हो' सुरू झालं तशी आई मांडीवर ताल धरून बसली. मीही बसले. शेवटी एकीनं पदर आणि दुसरीनं ओढणी डोळ्यांना लावली, ते नेहमीचंच. मग बुधवारी रात्री घर झोपल्यावर एकटीनं 'द डिसायपल' पाहिला. आला तेव्हापासून टाळत होते, कारण आत काय वाढून ठेवलंय याचा अंदाज होता.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. 'कट्यार' २०१५च्या दिवाळीतला, सुबोध भावेंचं पहिलं दिग्दर्शन. मुळात पुरुषोत्तम दारव्हेकरांचं १९६७चं नाटक, पदांना अभिषेकीबुवांच्या चाली. विश्रामपूर संस्थान, राजगायकाचं पद, पंडितजी विरुद्ध खाँसाहेब, आणि जिंकेल त्याला ती कट्यार, जिच्या धन्याला एक खून माफ. 'द डिसायपल' चैतन्य ताम्हाणेंचा, २०२०चा. व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक घेऊन आला आणि आपण तो नेटफ्लिक्सवर पाहिला. मुंबईतला शरद नेरूळकर, चोविशीचा. गुरुजींची सेवा करतो, रियाज करतो, जुन्या ध्वनिमुद्रणांच्या कामावर पोट भरतो आणि रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवत माईंची, म्हणजे गुरुजींच्या गुरूंची, व्याख्यानं कानात ऐकतो. चाळिशीकडे सरकता सरकता त्याला कळतं की आपण बरं गातो. बरंच फक्त.

तर माझं म्हणणं असं की 'कट्यार' हा गाण्याचा सिनेमाच नाही. तो कुस्तीचा आहे. आखाडा आहे, पंच आहेत, गदेच्या जागी कट्यार आहे. त्यातल्या कुणालाही गाणं 'येतं का' हा प्रश्नच पडत नाही. सगळ्यांना येतंच. प्रश्न एवढाच, की जिंकणार कोण. गाणं शिकलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांच्या आयुष्यात दरबार नसतो, शेंदूर खायला घालून आवाज बसवणारं कुणी नसतं. आवाज आपला आपणच बसवतो. नऊ वर्षं क्लासला जाऊन मध्यमा पूर्णच्या परीक्षेवर थांबलेली बाई हे सांगतेय. शरद रात्री यूट्यूबवर स्वतःच्या गाण्याखालचे शेरे वाचत बसतो ना, तिथं मी सिनेमा थांबवला आणि पाणी प्यायला उठले. 'कट्यार'नं तीन वेळा रडवलं, पण असं उठवलं एकदाही नाही.

काडी टाकलेली आहे. मी भांडी घासायला जाते.

पॉपकॉर्नवाला

बसलो. खारे की कॅरॅमल?

सातारी_कंदी

कुस्ती म्हणे! ताई, तुम्ही नऊ वर्षं शिकलात म्हणून तुम्हाला हे परवडतं.

माझे वडील एसटीत वाहक होते. गाणं म्हणजे सकाळी रेडिओवर लागतं ते. शास्त्रीय लागलं की 'घसा धुतोय' म्हणून बटण फिरवायचे. 'कट्यार' आला तेव्हा बळेच नेलं, तालुक्याच्या थिएटरात, निम्म्या खुर्च्या मोडक्या. मध्यंतरात वडा घ्यायला उठले नाहीत. हे आमच्या घरच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं. घरी येताना 'घेई छंद'ची पहिली ओळ गुणगुणत होते, पुढचे शब्द येत नव्हते तर तेवढीच परत परत. पुढे दोनेक महिने दूरदर्शनवर कुणी ख्याल गायला बसलं की 'थांब, बघू' म्हणायचे.

तुमच्या त्या डिसायपलनं अशी किती दारं उघडली? दोन तास तो तोंड पाडून बसलाय आणि मध्ये मध्ये स्लो मोशनमध्ये गाडी चालवतोय. परदेशी परीक्षकांना आपल्याकडची उदासी आवडते, आपल्याला का आवडावी? हे माझं वैयक्तिक मत.

मध्यमा_पूर्ण

वडिलांचा किस्सा फार आवडला, खरंच. दार उघडलं हे मान्य. पण दार उघडून आत गेलेल्याला जे दिसतं त्यावरही कुणी सिनेमा काढावा की नाही? 'कट्यार'नंतर आमच्या ओळखीच्या एका क्लासात पोरांची रीघ लागली होती. सगळ्यांना पहिल्याच महिन्यात 'सुरत पिया की' हवं. बाईंनी अलंकार घोटायला लावले, पलटे घोटायला लावले. उन्हाळ्यापर्यंत निम्मी सतरंजी रिकामी.

रंकाळ्याचा_वारा

कुस्ती म्हणून नाक मुरडायचं काय कारण न्हाई. आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी दोन्ही एकाच हातानं पोसलं. अल्लादियाखाँसाहेब दरबारचे गायक आणि खासबागेचं मैदान पण महाराजांनीच बांधलेलं. त्यांना दोन्हीत काय फरक वाटला न्हाई, आपल्याला कशाला वाटावा?

पैलवान पण पहाटं उठून जोर-बैठका मारतोय, लंगोट सांभाळतोय, वस्तादाचं पाय धरतोय. बापानं म्हस विकून खुराक पुरवलेला असतोय. त्यातला एखादा केसरी होतोय. बाकीचं काय करत्यात? पोलीस भरती, दूध डेअरी, ग्रामपंचायत. आणि संध्याकाळी तालमीत येऊन बारक्या पोरांस्नी डाव शिकवत्यात. कुणी गाडीवरनं रात्रीचा हिंडत न्हाई. त्या शरदला महिनाभर तालमीत पाठवा, तांबडा-पांढरा घाला, सरळ हुतोय का न्हाई बघा.

पॉपकॉर्नवाला

हाहाहा. तांबडा-पांढऱ्याला अनुमोदन.

मध्यमा_पूर्ण

रंकाळा, हसून हसून पुरेवाट झाली. पण दादा, तुमच्याच मुद्द्यात माझं उत्तर आहे. पैलवानाची पाठ मातीला लागली की मैदानातल्या दहा हजारांना एकाच वेळी दिसतं, त्यालाही कळतं. आज हरलो, उद्या परत उतरू किंवा नाही उतरणार. गाण्यात पाठ नक्की कधी टेकली हे कोण सांगतं? समोरचे माना डोलावतात, क्लासच्या गुरुपौर्णिमेला टाळ्या पडतात, परीक्षेत प्रथम श्रेणी मिळते. पाठ टेकून दहा वर्षं झालेली असतात आणि आपण अजून शड्डू ठोकत असतो. शरदचं नेमकं हेच झालंय.

तिहाई

तबला वाजवतो, म्हणून आत डोकावतो.

कळतं हो, साथीदाराला कळतं. समोरचा पहिल्यांदा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो त्यावरून निम्मं कळतं, आणि विलंबितात, संथ लयीत, श्वास कुठं मोडतो त्यावरून उरलेलं. पण आम्ही बोलत नाही. 'वा' म्हणतो, पाकीट घेतो, ठाण्याहून शेवटची लोकल पकडतो. यात मीही आलो, उगाच साधूपणाचा आव आणत नाही.

आता दोन्ही सिनेमांबद्दल. 'कट्यार'मध्ये गाणं सुरू झालं की कॅमेरा एका जागी टिकत नाही. पडदा उडतो, मशाल दिसते, कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी, परत गायक, परत मशाल. गाण्यावर दिग्दर्शकाचा विश्वास नाही असं नव्हे, प्रेक्षकाच्या धीरावर नाही. आणि तबलजीचा हात कुठं, बोल कुठं! आमच्यातल्या प्रत्येकानं कधीतरी त्यावर दात-ओठ खाल्लेत. पण गळा मात्र खरा आहे. खाँसाहेबांसाठी राहुल देशपांडे आणि सदाशिवसाठी महेश काळे. डोळे मिटून ऐकला तर 'कट्यार' पन्नास टक्के जास्त चांगला सिनेमा आहे. महेश काळेंना 'अरुणी किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो काही कुणाच्या वशिल्यानं नाही.

'डिसायपल'मध्ये कॅमेरा लांब कुठंतरी बसतो आणि उठतच नाही, श्रोता बसावा तसा. आपल्याला मांडी बदलावीशी वाटते, जांभई येते, आणि मग अचानक एखादी जागा लागते. प्रत्यक्ष बैठकीत हेच होतं. गाणारी-वाजवणारी माणसंही त्याच पेशातली घेतलीत. शरद झालेला आदित्य मोडक स्वतः उत्तम गातो. त्याला इथं जेमतेम गावं लागलंय. चांगल्या गळ्यानं वाईट गाणं सोपं, पण 'बरं' गाणं फार अवघड. तो सूर नेमका एक केसभर खाली जीव सोडतो, तिथं मी उठून नमस्कार केला.

सातारी_कंदी

म्हणजे साथीदार गप्प, श्रोते गप्प, गुरुजी गप्प. सगळ्यांनी मिळून एकाला फसवायचं आणि मग त्याच्यावर सिनेमा काढून बक्षीस घ्यायचं. झकास!

तिहाई

गुरुजी अगदीच गप्प नाहीत. पण तुमचा टोला बसला, नाकारत नाही.

एक_खून_माफ

तुम्ही सगळे गाण्यावर भांडताय आणि कथेकडे कुणाचं लक्ष नाही.

'कट्यार'मध्ये पंडितजींना शेंदूर कोण घालतं? खाँसाहेबांची बायको. म्हणजे वर्षानुवर्षं हरून कडवट झालेला गवई तो, टोमणे मारणारा तो, हव्यास त्याचा, पण प्रत्यक्ष पातक मात्र बाईच्या ओंजळीत. खाँसाहेब कसे नंतर स्वच्छ हातांनी पश्चात्ताप करायला मोकळे! पाहिल्यापासून मला हे खटकतंय. घरात विषय काढला की 'गाणी बघ ना' म्हणतात.

'डिसायपल'मध्ये तरी काय वेगळं? माई दिसतच नाहीत. नुसता आवाज. तोही केवढा आवाज, दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा! (सिनेमा नेटफ्लिक्सवर आला त्याच्या दहा-अकरा दिवस आधीच त्या गेल्या. पहिल्यांदा ऐकताना ते सारखं मनात येत होतं.) ती व्याख्यानं म्हणजे त्याग, शुद्धता, साधना. पुढे तो जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्राहक भेटतो, माईंबद्दल नको नको ते सांगतो आणि शरद हातातला पेला त्याच्या तोंडावर रिकामा करतो. पण त्या बाईला स्वतःची बाजू मांडायला एक वाक्य नाही. एका सिनेमात बाई शेंदूर, दुसऱ्यात बाई कॅसेट.

मध्यमा_पूर्ण

'एका सिनेमात बाई शेंदूर, दुसऱ्यात बाई कॅसेट' हे मी ढापणार आहे, आधीच सांगून ठेवते.

माईंबद्दल मात्र असहमत. त्यांचा चेहरा दिसत नाही हेच तर शरदचं दुखणं आहे. चेहरा असता तर खोकला दिसला असता, चिडचिड दिसली असती. नुसत्या आवाजाशी माणूस भांडू शकत नाही.

मालवणी_खाजा

अवांतर करतंय, रागावा नकात.

मी मगे 'दशावतार' पिक्चर बघितलंय. दिलीप प्रभावळकर, वयाच्या ऐंशीच्या पुढं, आणि काय ती उभी रवण्याची ऐट! तुमच्या दोन्ही पिक्चरांतल्यापेक्षा माका तो बाबुली मेस्त्री जवळचो वाटलो. कारण? आमच्याकडे दशावतारात संवाद लिवलेले नसतत. कथा ठाऊक असता, मगे ज्याची त्याची जीभ आणि ज्याचा त्याचा डोका. पेटी, मृदंग, झांज इतक्यार रातभर चलता. तोंडाक रंग आपलो आपण लावूचो. सकाळी तोच देवेंद्र हातात पिशवी घेवन एसटीची वाट बघता, आणि लोक त्याका 'राजानू' म्हणान हाक मारतत.

थंय कोण इचारणा नाय की तू मोठो कलाकार काय बरो कलाकार. जत्रा ठरलेली, नाटक ठरलेला, तू उभो रव.

सातारी_कंदी

खाजा भाऊ, अवांतर नाही, हाच खरा मुद्दा आहे. जत्रा ठरलेली आहे म्हणून माणूस उभा राहतो. शरदकडे जत्राच नाही.

एक_खून_माफ

'राजानू' वाचून काटा आला.

बे_एरियातली_काकू

इकडे रात्रीचे अडीच वाजलेत, पण राहवत नाही.

माझी मुलगी अकरा वर्षांची, जन्म इथलाच, मराठी बोलते पण 'ळ' म्हणताना जीभ अडखळते. 'कट्यार' आम्ही मंडळाच्या कार्यक्रमानंतर घरी पाहिला आणि तिला गाणं शिकायचं खूळ भरलं. रविवारी सकाळी शिकते. महेश काळे स्वतः इकडचेच, त्यांना समोर बसून ऐकायची संधी मिळते हे आमचं भाग्य. ती गायिका होणार आहे का? नाही. मला माहीत आहे, तिला माहीत आहे, शिकवणाऱ्यांनाही असावं. पोहायला जाते तेव्हा ऑलिंपिकला जाणार का, असं आपण विचारत नाही. मग गाण्याच्याच बाबतीत शिकलं की गवई व्हायलाच हवं, नाहीतर आयुष्य फुकट, हे कुणी ठरवलं?

'डिसायपल' मला आवडला, पण शरदची दया आली नाही. रागच आला. ती विद्यार्थ्याची आई येते, मुलाला कॉलेजच्या फ्यूजन बँडमध्ये गायचंय म्हणून विचारते, तेव्हा हा किती खोचक बोलतो! स्वतःला जे मिळालं नाही त्याची किंमत त्या पोराकडून वसूल करतो. शिकवणाऱ्यांमध्ये असे शरद बरेच असतात.

मध्यमा_पूर्ण

काकू, त्या प्रसंगात मी पोराच्या जागी होते. अजून नाव घेत नाही कुणाचं.

संत्राबर्फी

थांबा बाप्पा, तुम्ही सगळे 'कट्यार' म्हणजे २०१५ पकडून बसले. आमच्या नागपूरचा हिशेब राहिलाच की.

दारव्हेकर मास्तर नागपूरचे. नाटकातले खाँसाहेब, वसंतराव देशपांडे, जन्मले मूर्तिजापुरात, वाढले नागपुरात. म्हणजे कट्यार घडवली विदर्भानं, घुसली पुण्या-मुंबईच्या काळजात. असो. आता खरं सांगतो ते ऐका. दोन्ही सिनेमे पाहिले ना? आता तिसरा पाहा, 'मी वसंतराव', २०२२चा, निपुण धर्माधिकारींचा. राहुल देशपांडेंनी स्वतःच्या आजोबांचं काम केलंय. लहानपणी नागपुरात सप्रे गुरुजींकडे शिकणं, मास्टर दीनानाथांची भूल, मग लाहोर, आणि मग? मग पुण्याला मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी. वर्षानुवर्षं. सकाळी सायकल, दिवसभर खतावण्या, रात्री गाणं. हा कोणत्या घराण्याचा, ठुमरी गातो की ख्याल गातो, नाट्यगीताची ही कोणती तऱ्हा, असं म्हणणारे जाणकार होतेच. म्हणजे जवळपास तुमचा शरदच झाला ना भाऊ!

आता गणित मांडा. जन्म १९२०. 'कट्यार' रंगमंचावर आलं १९६७ला. खाँसाहेब मिळाला तेव्हा वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते. सत्तेचाळीस! शरदनं त्याच्या आधीच दुकान बंद केलं.

ताई म्हणतात 'कट्यार' कुस्तीची आणि 'डिसायपल' खऱ्या आयुष्याचा. माझं म्हणणं, ज्या माणसानं कट्यार उभी केली तो वीसेक वर्षं 'डिसायपल'मध्येच राहत होता. खाँसाहेबाचा तो हरलेल्याचा डंख आहे ना, उगाच आला काय? एकच 'घेई छंद', पंडितजी शांत चालीत मांडतात आणि खाँसाहेब तेच शब्द घेऊन झडप घालतात. ती झडप कारकुनाची आहे बाप्पा, कुण्या राजगायकाची नाही.

तिहाई

क्या बात है. यावर तिहाई घेऊन उठायला हरकत नाही, पण एक पुरवणी. 'डिसायपल'मधले गुरुजी म्हणजे अरुण द्रविड, किशोरीताई आमोणकरांचे शिष्य, पेशानं केमिकल इंजिनिअर. आणि आदित्य मोडक सीए. चाळिशीपर्यंत रियाजाशिवाय कशाचा विचार करू नका, असा उपदेश ज्या सिनेमात चालतो त्यातले गुरू-शिष्य दोघेही प्रत्यक्षात नोकरी-धंदा सांभाळून गाणारे! ताम्हाणेंनी हे मुद्दाम केलं की योगायोग, पण मी दुसऱ्यांदा पाहताना माईंचं प्रत्येक वाक्य जरा वेगळं ऐकू आलं.

सातारी_कंदी

संत्राबर्फी, दंडवत. ताई, आता बोला. सत्तेचाळीस!

रंकाळ्याचा_वारा

बोला बोला. डाव पडला.

मध्यमा_पूर्ण

डाव चांगला आहे, दाद देते. 'मी वसंतराव' पाहिलाय, पण हा हिशेब डोक्यात आला नव्हता. खाँसाहेबांचा डंख कारकुनाचा, हे तर आजपासून मला दर वेळी ऐकू येणार.

पण पाठ टेकलेली नाही. वसंतरावांची सत्तेचाळिशी आपल्याला माहीत आहे ती ते वसंतराव होते म्हणून. त्याच कचेरीत शेजारच्या टेबलावर आणखी कुणी बसत असेल, त्याचाही रात्रीचा तंबोरा असेल, त्याला कुठलं नाटक आलं नाही. त्याची सत्तेचाळिशी आली आणि गेली. त्याच्यावर सिनेमा कोण काढणार? ताम्हाणेंनी काढला. मी एवढंच म्हणत होते. आणि शरद नालायक नाही हो काकू, खोचक आहे हे कबूल.

बाकी 'कट्यार'बद्दल एक शब्द मागे घेते. कुस्तीचा सिनेमा म्हटलं ते तुच्छतेनं म्हटलं होतं. रंकाळ्यांनी खासबाग दाखवल्यावर ती तुच्छता गेली. मत तेच आहे.

एक_खून_माफ

आणि शेंदराचं काय? कुणीच उत्तर दिलं नाही. नोंद घ्यावी.

संत्राबर्फी

शेंदराला उत्तर नाही आमच्याजवळ. मान खाली.

पॉपकॉर्नवाला

जाता जाता, 'डिसायपल' घरच्यांसोबत बसून बघण्यासारखा आहे का? सासूबाई आल्यात.

तिहाई

एकट्यानं बघ. एक-दोन प्रसंगी सासूबाईंना चहा करायला उठावं लागेल.

मध्यमा_पूर्ण

शेवटचं सांगते आणि थांबते. इथली भांडणं वाचून दाखवली तर आई म्हणाली, लाव बघू तो तुझा दुसरा. ते एक-दोन प्रसंग मी पुढे ढकलले. मला वाटलं होतं पंधरा मिनिटांत झोपेल. झोपली नाही. मध्ये एकदा उठून देवाजवळचा दिवा सारखा करून आली, बाकी बसून. गुरुजींची सेवा चालली होती तेव्हा 'चांगला मुलगा आहे' म्हणाली. गाणं झालं की दर वेळी माझ्याकडे बघायची, मग परत टीव्हीकडे.

शेवटी लोकलमध्ये तो एकतारीवाला गात येतो आणि शरद बायको-मुलीबरोबर बसलेला असतो, तिथं म्हणाली, "ह्याला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं गं."

मी म्हटलं, सांगतं का कुणी?

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी पण नाही सांगितलं तुला. तू इतकी नटून जायचीस क्लासला."

सातारी_कंदी

...

बे_एरियातली_काकू

आईंना नमस्कार सांग.

तिहाई

तंबोरा आहे का अजून? मिरजेचा असेल तर विकू नका.

मध्यमा_पूर्ण

मिरजेचाच आहे. कपाटाच्या बाजूला गवसणी घालून उभा आहे. दोन तारा तुटल्यात.

तिहाई

तारा काय, शंभर-दोनशेत येतात. आधी भोपळ्याला चीर नाही ना ते बघा, मग कुणाला तरी दाखवून, घोडी घासून जवारी काढून घ्या. पावसाळ्याच्या आत.